हिरव्या पाषाणांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

इतिहासाची पदवी घेऊन पुरातत्त्वात आलेल्या माझ्यासारख्यांना वस्तूची शैली लवकर कळू लागते. ती वस्तू ज्या दगडाची आहे तो ओळखायला मात्र बराच काळ लागतो. मेक्सिको आणि ग्वाटेमाला येथील प्राचीन हिरव्या दगडांवर काम करू इच्छिणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा आणि आधी खनिजशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम पूर्ण करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेक्सिकोतील प्राचीन ओल्मेक संस्कृतीच्या ला व्हेंटा या स्थळी १९५५ मध्ये १६ लहान मानवाकृती आणि ६ कुऱ्हाडीच्या आकाराची पाती एकत्र पुरलेली सापडली. त्यांतील बहुतेक वस्तू जेडाइट (जेड म्हणून ओळखले जाणारे कठीण खनिज) आणि सर्पेंटाइन (तसाच दिसणारा, पण मऊ हिरवा दगड) यांच्या असून एक आकृती मात्र भरड दगडाची आहे. घडवणाऱ्यांनी हे दगड एकाच मांडणीत बसवले; आपल्याला ते वेगळे करावे लागतात, कारण मध्य अमेरिकेतील जेडाइटचा निश्चित झालेला उगम ग्वाटेमालातील मोताग्वा खोऱ्यात आहे आणि व्यापाराविषयीचे बरेचसे निष्कर्ष त्यावरच उभे राहतात. म्हणून तपासणी होईपर्यंत नोंदवहीत ‘हिरवा दगड’ एवढेच लिहावे.

ओरखडा काढून काठिण्य पाहण्याची पद्धत पुराव्याच्या वस्तूवर कधीही वापरू नये. त्याऐवजी विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत दगडाची घनता, काढावे. हवेत ६६ ग्रॅम भरणारा मणी पाण्यात ४६ ग्रॅम भरला, तर ६६ ला दोहोंतील फरकाने, म्हणजे २० ने, भागून ३.३ हे उत्तर मिळते आणि ते जेडाइटशी जुळते. सर्पेंटाइनचे मूल्य साधारण २.६ च्या आसपास येते. जेडाइटमध्ये अल्बाइट हे हलके खनिज मिसळलेले असल्यास आकडा खाली घसरतो, तेव्हा रामन वर्णपटाचा (लेसरचा प्रकाश टाकून खनिज ओळखण्याच्या पद्धतीचा) आधार घ्यावा. हातात धरून वापरायच्या क्ष-किरण उपकरणाचे नवख्यांना फार आकर्षण असते, परंतु जेडाइटचा महत्त्वाचा घटक असलेले सोडियम त्याला जवळजवळ दिसतच नाही.

यानंतर भिंग हाती घ्यावे. धातूच्या हत्यारांविना हा दगड छिन्नीने कोरला जात नसे, तर दोरी, वाळू आणि पाणी यांच्या साहाय्याने घासून कापला जाई. दोरीने कापलेल्या पृष्ठभागावर किंचित वक्र रेषा राहतात, आणि दोन्ही बाजूंनी पाडलेले छिद्र मध्यभागी अरुंद होते. छिद्राच्या आतील खुणा नुसत्या डोळ्यांनी नीट वाचता येत नाहीत. त्यासाठी सिलिकॉनचा ठसा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सच्छिद्र किंवा रंगाचे अवशेष असलेल्या वस्तूचा ठसा मात्र संवर्धकाच्या संमतीशिवाय घेऊ नये.

या विषयावरील उत्खननांचे पुष्कळ अहवाल स्पॅनिशमध्येच आहेत, त्यामुळे ती भाषा वाचण्यापुरती तरी पहिल्याच वर्षी शिकून घ्यावी.