हॅकिंटॉशसाठी मदरबोर्ड: घेताना काय बघायचं, अडलं तर कुठे शोधायचं

हॅकिंटॉश, म्हणजे ॲपलची मॅकओएस ही प्रणाली चालवणारा साधा पीसी, बनवायचं म्हटलं की लोक आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाबद्दल विचारतात. मदरबोर्डाचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, तोही 'कुठलाही चालेल ना?' अशा सुरात. माझा आग्रह नेमका उलटा आहे. बोर्ड आधी ठरवा. प्रोसेसर उद्या बदलता येईल, कार्डही बदलता येईल. पण बोर्डावर सोल्डर केलेली नेटवर्कची चिप किंवा बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये) दिलेलाच नसलेला पर्याय तुम्हाला बदलता येणार नाही. पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथेच सापडतं.

दोन गोष्टी आधीच सांगतो. ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस फक्त ॲपलच्याच यंत्रांवर चालवायची परवानगी आहे. हे माहीत असू द्या आणि ग्राहकांना विकायला अशी यंत्रं बनवू नका. दुसरं म्हणजे, ॲपलने २०२० मध्ये इंटेल सोडून स्वतःच्या चिपकडे वळायला सुरुवात केली आणि मॅकओएस २६, म्हणजे टाहो, ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती आहे. तेव्हा हे यंत्र पुढे कायम नवनवीन आवृत्त्या घेत राहील अशी अपेक्षा नको. माझं काम ध्वनिमुद्रणाचं आहे. जुनी प्लगइन चालू राहावीत, पेटीत चार-पाच ड्राइव्ह मावावेत आणि काही बिघडलं तर झाकण उघडून स्वतः बघता यावं, एवढ्यासाठी मला ते अजूनही मोलाचं वाटतं.

कुठल्या पिढीचा बोर्ड

नियम सोपा आहे: ॲपलने ज्या इंटेल पिढ्या स्वतः वापरल्या, त्यांच्या जवळ राहा. २०१९च्या आयमॅकमध्ये आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर होते, २०२०च्या २७ इंची आयमॅकमध्ये दहाव्या पिढीचे. म्हणून झेड३९० आणि झेड४९० या चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचे) बोर्ड मला आजही सगळ्यात भरवशाचे वाटतात. दोन्हींत प्रोसेसरमधलं यूएचडी ६३० ग्राफिक्स मॅकओएस ओळखतं. त्यामुळे ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलं तरी पडद्यावर काहीतरी दिसतं, आणि बिघाड शोधताना ही फार मोठी सोय आहे. मात्र प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात हे ग्राफिक्स नसतं, ते बघून घ्या.

झेड४९० बोर्डात अकराव्या पिढीचा प्रोसेसर बसतो, पण त्यातलं ग्राफिक्स मॅकओएसला कळत नाही. बाराव्या पिढीपासूनचंही तेच. शिवाय तिथे प्रोसेसरची ओळखच जुन्या पिढीची आहे असं भासवावं लागतं. वेगळं एएमडी कार्ड असेल तर हे बोर्ड चालतात आणि वेगही चांगला देतात, पण पहिलंच यंत्र असेल तर या वाटेला जाऊ नका. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवरही मॅकओएस चालतं, कर्नलला (मॅकओएसच्या गाभ्याला) पॅच लावून. मी माझ्या कामासाठी ते टाळतो, कारण इंटेलच्या लायब्ररींवर बेतलेली काही सॉफ्टवेअर तिथे अडखळतात आणि ॲपलची हायपरव्हायझरची (आत दुसरी प्रणाली चालवण्याची) सोय चालत नाही.

ग्राफिक्स कार्डाबद्दल एवढंच: एनव्हिडियाची गेल्या कित्येक वर्षांतली कार्डं विसरा. आरएक्स ५८०, आरएक्स ५७०० किंवा आरएक्स ६६०० यांपैकी एक घ्या. ६७०० एक्सटी मात्र त्याच कुटुंबातलं असूनही थेट चालत नाही, आणि ७००० मालिकेला मॅकओएसमध्ये आधारच नाही.

बोर्डावरच्या छोट्या चिप

जाहिरातीत चिपसेटचं नाव आणि दिव्यांची रोषणाई असते. तुम्ही मात्र उत्पादकाच्या संकेतस्थळावरून बोर्डाचं मॅन्युअल उतरवा आणि खरेदीपूर्वी तासभर तेच वाचा.

पहिली बघायची ती नेटवर्कची चिप. इंटेल आय२१९-व्ही असेल तर इंटेलमाऊसी हा केक्स्ट (मॅकओएसचा ड्रायव्हर) टाकला की काम झालं. रिअलटेक आरटीएल८१११ आणि २.५ गिगाबिटची आरटीएल८१२५ यांनाही चांगले केक्स्ट आहेत. झेड४९०च्या बऱ्याच बोर्डांवर इंटेल आय२२५-व्ही असते. तीही चालवता येते, पण मॅकओएसच्या आवृत्तीनुसार उपाय बदलतो आणि बायोसमधल्या व्हीटी-डी या पर्यायाशी तिचं नातं गुंतागुंतीचं आहे. दोन बोर्डांत बाकी सगळं सारखं असेल तर मी डोळे झाकून आय२१९-व्हीवाला घेतो. नेटवर्क ही चैन नाही: आयमेसेज आणि ॲप स्टोअर यांना लॅन पोर्ट 'ईएन०' या नावाने आणि 'आतला' म्हणून दिसावा लागतो, नाहीतर साइन-इनच अडून बसतं.

ऑडिओची चिप दुसरी. एएलसी१२२०, एएलसी८९२, एएलसी८८७ या जुन्या ओळखीच्या चिप ॲपलएएलसी या केक्स्टने बोलक्या होतात. योग्य लेआउट क्रमांक (चिपची जोडणी सांगणारा आकडा) शोधावा लागतो इतकंच. नव्या बोर्डांवरची एएलसी४०८० वेगळी आहे. ती आतून यूएसबीला जोडलेली असते आणि ॲपलएएलसी तिच्यासाठी काही करू शकत नाही. त्यात टाहोमध्ये ॲपलने जुना एचडीए ऑडिओ ड्रायव्हरच काढून टाकला, त्यामुळे तिथे ॲपलएएलसीचा पायाच गेला. आवाजाचं गंभीर काम असेल तर बाहेरचा यूएसबी इंटरफेस घ्या, ही चिंताच संपते.

वायफायचा छोटा एम.२ स्लॉट फसवा असतो. काही बोर्डांवर तो फक्त इंटेलच्या सीएनव्हीआय प्रकारच्या कार्डांसाठी असतो. ब्रॉडकॉमचं कार्ड त्यात बसतं, पण दिसत नाही. शिवाय २०२३च्या सोनोमापासून जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचे ड्रायव्हरही ॲपलने काढले. टेबलावरच्या यंत्राला लॅनची केबलच लावा.

मॅन्युअलमध्ये एक तक्ता असतो, तो कुणी वाचत नाही: कुठल्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवला की कुठले साटा पोर्ट बंद होतात. 'माझी हार्डडिस्क मॅकओएसला दिसत नाही' म्हणून लोक केक्स्ट शोधत बसतात, आणि ती बायोसमध्येही दिसत नसते. माझ्यासारखे भरपूर ड्राइव्ह लावणार असाल तर हा तक्ता बघूनच बोर्ड ठरवा.

वापरलेला बोर्ड घेत असाल तर सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढून तिरप्या उजेडात पिना बघा. इंटेलच्या या बोर्डांत पिना प्रोसेसरवर नसून बोर्डावर असतात. एक पिन वाकली तरी रॅमचा एखादा स्लॉट मुका होऊ शकतो.

मॅकओएसच्या आधी

नवीन जोडलेल्या यंत्रावर मी थेट मॅकओएसचा पेनड्राइव्ह लावत नाही. आधी रॅमची रात्रभर चाचणी, मग लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह. तिथे नेटवर्क, आवाज आणि सगळे ड्राइव्ह दिसले की हार्डवेअर ठीक आहे हे कळतं, आणि पुढच्या चुका फक्त कॉन्फिगरेशनमध्ये शोधायच्या राहतात.

यंत्र सुरूच होत नसेल तर प्रोसेसरजवळची आठ पिनांची वीज-केबल बघा, ती विसरली जाते. रॅमची एकच पट्टी ठेवा, चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतील तर जो पेटून राहतो तिथेच गाडी अडली आहे. तरीही नाही झालं तर वीज काढून सीमॉस (बायोसची साठवलेली सेटिंग) क्लिअर करा.

मग बायोस. सीएसएम, सिक्युअर बूट, फास्ट बूट आणि सिरियल पोर्ट बंद. अबव्ह ४जी डिकोडिंग आणि एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू. साटा एएचसीआयवर. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरणार असाल तर डीव्हीएमटीला (त्या ग्राफिक्सच्या राखीव मेमरीला) ६४ एमबी. सीएफजी लॉक हा पर्याय दिसला तर बंद करा; दिसलाच नाही तर ओपनकोअरमध्ये (मॅकओएस बूट करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक हा क्वर्क (बोर्डाच्या खोडीवरचा उपाय) चालू ठेवावा लागतो, नाहीतर कर्नल अगदी सुरुवातीलाच कोसळतो. ज्या बोर्डाच्या बायोसमध्ये हा पर्याय उघड दिलेला असतो तो माझ्या मते एक पायरी वरचा. शेवटी प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा.

अडलं की शेवटची ओळ वाचा

ओपनकोअरच्या बूट-आर्ग्युमेंटमध्ये 'उणे व्ही' (-v) टाकलं की सफरचंदाऐवजी अक्षरांच्या ओळी धावतात. पडदा थांबला की त्याचा फोटो घ्या. कुठे थांबला त्यावरून निम्मं उत्तर मिळतं.

'एक्झिटबीएस स्टार्ट'वर थांबला, तर मेमरीची मांडणी चुकते आहे. ही बोर्डनिहाय बदलणारी गोष्ट आहे: झेड३९०ला प्रोटेक्टयूईएफआयसर्व्हिसेस हा क्वर्क लागतो, तर झेड४९०च्या बहुतेक बोर्डांवर सेटअपव्हर्च्युअलमॅप बंद ठेवावा लागतो. म्हणूनच दुसऱ्याच्या बोर्डाचं तयार ईएफआय फोल्डर (ओपनकोअर आणि त्याची सेटिंग असलेलं) उचलून आणू नका. ते चाललं तरी का चाललं हे तुम्हाला कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला तुम्ही पुन्हा अंधारात.

'पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन'वर थांबला तर अबव्ह ४जी डिकोडिंग तपासा. बायोसमध्ये तो पर्याय नसेल तरच एनपीसीआयचं आर्ग्युमेंट वापरा. झेड३९०पासूनच्या बोर्डांवर घड्याळही अडवतं: मॅकओएसला जुनं आरटीसी हवं असतं, बोर्ड नवं एडब्ल्यूएसी पुढे करतो. त्यासाठी एसएसडीटी-एडब्ल्यूएसी ही छोटी फाइल आहे. ३०० मालिकेतल्या झेड३९०वर एनव्हीरॅम (बूटची सेटिंग लक्षात ठेवणारी स्मृती) नीट चालायला एसएसडीटी-पीएमसीही लागते. झेड३७०ला ती लागत नाही, कारण त्याची चिप मुळात आधीच्या पिढीची आहे.

'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' किंवा गोलातली तिरकी रेघ दिसली तर बहुधा पेनड्राइव्हचा यूएसबी पोर्ट मॅकओएसच्या हातातून सुटला आहे. आधी दुसरा पोर्ट करून बघा, शक्यतो यूएसबी २चा. 'आयओकन्सोलयूजर्स'नंतर पडदा काळा झाला तर कर्नल उठला आहे, ग्राफिक्स अडलं आहे. मॉनिटरची केबल बोर्डात आहे की कार्डात ते बघा; आरएक्स ५७०० किंवा ६६०० असेल तर एजीडीपीमॉड=पिकेरा हे आर्ग्युमेंट आहे का तेही बघा.

यूएसबीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण लोक इथेच कंटाळतात. मॅकओएस एका कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मानतं. यूएसबी ३चा एक निळा पोर्ट त्याच्या हिशेबात दोन होतो, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या. त्यात केसवरचे पोर्ट आणि ब्लूटूथचं कनेक्शन धरलं की मोठ्या बोर्डाची गणती पंधराच्या पलीकडे जाते. मर्यादा उठवणारा क्वर्क बिग सरच्या ११.३ आवृत्तीपासून चालेनासा झाला. तेव्हा यूएसबीटूलबॉक्स हे साधन घ्या, प्रत्येक पोर्टात एकदा यूएसबी २चा आणि एकदा यूएसबी ३चा पेनड्राइव्ह लावून कुठला पोर्ट कुठला ते टिपा, नको ते वगळा आणि ब्लूटूथला 'आतला' म्हणून २५५ हा प्रकार द्या. एका संध्याकाळचं काम आहे. यंत्र झोपवल्याबरोबर जागं होणं आणि झोपेतून उठल्यावर ऑडिओ इंटरफेस गायब होणं, या तक्रारी मी पोर्टांच्या या नकाशानंतर थांबलेल्या पाहिल्या आहेत. तरीही लगेच जाग येत असेल तर एसएसडीटी-जीपीआरडब्ल्यू ही फाइल वापरून बघा.

रीस्टार्टनंतर बायोस 'सेफ मोड'मध्ये गेल्याचा संदेश दाखवत असेल तर बोर्ड बिघडलेला नाही. मॅकओएस घड्याळाच्या छोट्या स्मृतीत लिहितं आणि बोर्डाच्या तपासणीची बेरीज जुळत नाही. डिसेबलआरटीसीचेकसम हा क्वर्क चालू करा. भागलं नाही तर आरटीसीमेमरीफिक्सअप हा केक्स्ट. वीज काढल्यावर तारीखच मागे जात असेल तर मात्र कारण साधं आहे: सीआर२०३२ हा सेल बदला.

बायोसचं अपडेट चालू यंत्रावर उगाच करू नका. करावंच लागलं तर आधी चालू ईएफआयची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि त्या पेनड्राइव्हवरून बूट होतंय याची खात्री करा. अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळपदाला जातात. फोटो समोर ठेवून ती परत लावा, सीएफजी लॉक पुन्हा तपासा, आणि मगच मॅकओएस सुरू करा.