मुलासाठी पेटी भाड्याने घेताना

गाण्याच्या क्लासला नाव घातलं की महिन्याभरात निरोप येतोच: घरी रियाजाला पेटी (हार्मोनियम) हवी. लगेच नवी घेऊ नका. मूल टिकतंय की नाही हे कळायला साधारण सहा महिने लागतात, तेवढ्यासाठी भाड्याची पेटी पुरते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. मूल प्रारंभिकला, म्हणजे पहिल्या परीक्षेला, बसणार असेल तर भाड्याची मुदत परीक्षेनंतर संपेल अशी धरा. आणि शोधाशोध गणपतीच्या आधी उरका. पुढे भजनी मंडळं चांगल्या पेट्या उचलतात आणि दुकानात उरलेलं आपल्या वाट्याला येतं.

मागायची ती साधी, खर्ज-नर सुरांची (खर्ज खालचा, नर त्याच्या वरचा, असे सुरांचे दोन संच), 39 किंवा 42 पट्ट्यांची पेटी. दुकानदार स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून स्वर वर-खाली करता येणारी पेटी, पुढे करेल. ती जड असते, तिच्यात सरकणारे भाग जास्त, म्हणून बिघाडही जास्त. नवशिक्या मुलाला तिचा काही उपयोग नाही.

आता तपासणी. यात अर्धा तास गेला तरी चालेल. सगळे स्टॉप (पुढच्या ओढायच्या खुंट्या) बंद करून भाता मारा. आत हवा भरली की भाता हाताला घट्ट लागला पाहिजे, दाब टिकला पाहिजे. भसकन बसला तर हवा गळतेय. अशा पेटीवर मुलाचा डावा हात पाच मिनिटांत दुखतो आणि आपण म्हणतो, पोराला आवडच नाही. मग स्टॉप उघडा, पट्टी न दाबता भाता मारा. कुठला सूर आपोआप वाजत राहिला तर पट्टीखालची स्प्रिंग ढिली आहे किंवा झाकण नीट बसत नाही. त्यानंतर एकेक पट्टी, आधी फक्त नर, मग फक्त खर्ज, मग दोन्ही एकत्र. एकत्र वाजताना आवाजात लाट आली की ते दोन सूर आपसांत जुळलेले नाहीत. मोबाइलवर ट्यूनर असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी सहा (दोन काळ्यांच्या जोडीच्या डावीकडच्या पांढरीपासून मोजून सहावी पांढरी पट्टी) 440 हर्ट्झच्या आसपास येते का बघा. मुलाला सोबत न्या, मांडी घालून पेटीसमोर बसवा. खांदे वर चढत असतील तर घरी घडी घातलेलं जाड आसन खाली द्या, म्हणजे कोपर पट्ट्यांच्या पातळीला येतं.

सौदा करताना हे लिहून घ्या: डिपॉझिट किती, परत कधी मिळणार, सूर बिघडला तर खर्च कोणाचा, पुढे विकत घेतल्यास भाडं किमतीतून वळतं होईल का. समजा पेटी 15,000 रुपयांची आणि भाडं महिना 800. सहा महिन्यांचे 4,800 झाले. ते वळते होणार नसतील तर सातव्या महिन्याला भाडं चालू ठेवायचं की पेटी विकत घ्यायची, याचा विचार करायलाच हवा. निघण्यापूर्वी सगळ्या पट्ट्या वाजवतानाचा व्हिडिओ आणि आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढा.

ठाण्यात नौपाड्यातून घोडबंदरला रिक्षाने नेताना पेटी सीटवर आडवी ठेवा, भात्याचा खटका लावून.

ठाण्यात पेटीची खरी कसोटी जून ते सप्टेंबर. खाडीकडची दमट हवा, लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, स्प्रिंगला गंज चढतो. पेटी ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. ओल आतच कोंडते. सुती कापड पुरे, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. पट्टी अडकली तर तेल सोडू नका. तेल लाकडात मुरतं, धूळ धरतं आणि भरपाई आपल्या माथी येते. भाता उघडा ठेवलात तर झुरळं शिरतात, चामडं कुरतडतात. सूर मुका झाला तर बहुधा सूर काढणाऱ्या पितळेच्या पातळ जिभेखाली कचरा अडकलेला असतो. तो काढायला पेटी उघडू नका, दुकानात न्या.

परत देताना तोच व्हिडिओ समोर धरून पट्ट्या वाजवून दाखवा आणि डिपॉझिट हातात पडल्याशिवाय पावती देऊ नका.