जुन्या हीटिंगच्या घरातला पहिला हिवाळा

थंड देशात नव्याने आलेल्या आपल्या लोकांची पहिल्या हिवाळ्यातली तक्रार बहुधा एकच असते: एका खोलीत उकडतं आणि दुसरीत दात वाजतात. घर जुनं, हीटिंगही जुनं, मग हे असंच चालायचं म्हणून बरेच जण खिडकी उघडी टाकून झोपतात किंवा विजेचा हीटर विकत आणतात. दोन्ही करण्याआधी थोडं थांबा. जुनी यंत्रणा संथ असते, पण तिच्या चालीने घेतलं तर ती घर छान ऊबदार ठेवते.

सगळ्यात आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखा. रेडिएटरपाशी, म्हणजे खोली तापवणाऱ्या धातूच्या पेटाऱ्यापाशी, वाका आणि पाइप मोजा. एक पाइप आत येतो आणि दुसरा बाहेर जातो, असं असेल तर बहुतेक आत गरम पाणी फिरतं. एकच जाड पाइप असेल आणि त्याच्या विरुद्ध टोकाला बोटभर उंचीचा, फुसफुसणारा धातूचा हवेचा व्हॉल्व्ह असेल, तर तुमच्या घरात वाफ येते. या दोघांचे नियम वेगळे आहेत आणि एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला की बिघाड होतो.

वाफेवाल्या एकपाइपी रेडिएटरचा खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा किंवा पूर्ण बंद करा. अर्धवट कधीच नको. वाफ ज्या पाइपातून वर येते त्याच पाइपातून थंड झालेलं पाणी खाली परत जातं. तोंड अर्धं मिटलं की पाणी अडतं, येणारी वाफ त्यावर आदळते आणि मध्यरात्री कुणी पाइपावर हातोडा मारतंय असा आवाज सुरू होतो. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणीही गळू लागतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असूनही ठोके पडत असतील तर रेडिएटरचा उतार तपासा. तो खालच्या व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित कललेला असायला हवा. अशा घरात एखादी खोली फारच तापत असेल तर रेडिएटर आणि हवेचा व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बसणारा तापमान-नियंत्रक मिळतो. तो बसवून द्या, अशी मागणी घरमालकाकडे जरूर करा.

गरम पाण्याच्या रेडिएटरवर बहुतेक 1 ते 5 आकड्यांची गोल मूठ असते. सगळ्यांत जास्त गैरसमज हिच्याबद्दल आहेत. पंख्याच्या रेग्युलेटरची सवय असलेला हात ती गारठलेल्या खोलीत सरळ 5 वर नेतो. पण हा आकडा वेगाचा नाही, खोलीने कुठवर तापायचं त्याचा आहे. 3 म्हणजे साधारण 20 अंश सेल्सिअस, आणि पुढेमागे प्रत्येक आकड्याला तीन-चार अंशांचा फरक. 5 वर ठेवून खोली लवकर तापत नाही. 20 अंशांपर्यंत 3 वर जेवढा वेळ लागतो जवळपास तेवढाच लागतो, फक्त पुढे थांबायचं नाव घेत नाही. मुठीच्या आत मेण किंवा द्रव भरलेली छोटी कुपी असते. भोवतालची हवा तापली की ती फुगते, खालची पिन दाबते आणि पाणी रोखते. म्हणून खोली ऊबदार आणि रेडिएटर गार असेल तर काही बिघडलेलं नाही, काम चोख चाललंय. हीच कुपी जाड पडद्यामागे किंवा सोफ्याआड सापडली, तर तिला तिथली कोंडलेली गरम हवाच कळते आणि बाकीची खोली थंड असतानाच ती पाणी बंद करते. पडदे रेडिएटरच्या वर राहतील इतके आखूड करा आणि सोफा वीतभर तरी पुढे ओढा.

मूठ फिरवल्यावर वाट पाहा. जड लोखंडी रेडिएटर तापायला वेळ घेतो आणि तापला की बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देतो. एका वेळी अर्धाच आकडा बदला आणि परिणाम दुसऱ्या दिवशी बघा. अंगाला काय वाटतं त्यावर जाऊ नका. एक साधा थर्मामीटर आणून आतल्या भिंतीवर, खिडकी आणि रेडिएटरपासून दूर टांगा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018च्या मार्गदर्शक तत्त्वांत थंड हवामानात घरात किमान 18 अंश सुचवले आहेत. घरात तान्हं बाळ असेल किंवा आईवडील राहायला आले असतील तर त्याहून थोडं जास्तच ठेवा. इथे काटकसर करू नका.

घरभर मिळून एकच थर्मोस्टॅट (तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणारं यंत्र) भिंतीवर असेल, तर तो फक्त आपल्याजवळची हवा ओळखतो. त्याच्यावर ऊन आलं किंवा शेजारी दिवा तापला की तो पाणी तापवणारा बॉयलर बंद करतो आणि मागची झोपायची खोली गारठते. ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरची मूठ पूर्ण उघडी ठेवा, नाहीतर दोन नियंत्रकांची आपसात ओढाताण होते.

आता रेडिएटरवर हात फिरवून बघा. खाली गरम आणि वर गार असेल तर आत हवा अडकली आहे. वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर तळाशी गंजाचा काळा गाळ बसलाय. ते काम प्लंबरचं. पाण्याच्या रेडिएटरमधली हवा मात्र स्वतःला काढता येते. हीटिंग बंद करून तो निवू द्या. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिळीला छोटी चावी लावा, खाली भांडं आणि फडकं धरा, आणि पाव फेरा उलटा फिरवा. सूं असा आवाज येईल, मग थुंकल्यासारखं काळपट पाणी येईल. सलग धार लागली की लगेच घट्ट करा. बॉयलर घरातच असेल तर त्यावरचा दाब नंतर बघा. थंड असताना तो साधारण 1 ते 1.5 बार असावा. बॉयलर अख्ख्या इमारतीचा एकच असेल तर चावीला हात लावण्याआधी देखभाल करणाऱ्याला कळवा.

उन्हाळाभर बंद राहिलेली मूठ पहिल्या थंडीत काही केल्या रेडिएटर तापवत नाही, तेव्हा पिन अडकलेली असते. मूठ उतरवली की ती बारीक पिन दिसते. बोथट वस्तूने हलकेच दाबून सोडा, ती स्वतःहून वर यायला हवी. पक्कडीने ओढू नका. ओढून निघाली तर पाणीच बाहेर येईल. उन्हाळ्यात मूठ पूर्ण उघडी ठेवली तर ही वेळ सहसा येत नाही.

ओलीकडे लक्ष द्या. आपण भरपूर स्वयंपाक करतो आणि कपडे घरात वाळत घालतो. ती सगळी वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते आणि कपाटामागे बुरशी धरते. दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या, त्या वेळेपुरती मूठ बंद करा. दिवसभर खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. वापरात नसलेली खोलीही पूर्ण थंड पडू देऊ नका.

सुट्टीवर जाताना हीटिंग बंद करू नका, गोठलेला पाइप फुटला तर खालच्यांचंही घर भिजतं. मुठीवरची चांदणीची खूण नेमकी गोठण्यापासून वाचवते, पण कडाक्याच्या थंडीत मी तरी 2 च्या खाली नेत नाही. घरात गॅसवर किंवा तेलावर चालणारा बॉयलर असेल तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म लावल्याशिवाय एक रात्रही झोपू नका. त्या वायूला वास नसतो. घरातल्या सगळ्यांचं एकदमच डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर लगेच बाहेर पडा आणि बाहेरून मदत बोलवा.

एवढं करूनही घर तापत नसेल तर घरमालकाला लेखी कळवा. "फार थंडी आहे" असं मोघम लिहू नका. तारीख, वेळ, कुठली खोली आणि थर्मामीटरवरचा आकडा लिहा, सोबत फोटो जोडा. भाड्याच्या घरात किमान किती ऊब द्यायची याचे नियम बऱ्याच ठिकाणी असतात. तुमच्या शहरातला नियम भाडेकरूंच्या सल्ला केंद्रात विचारून घ्या आणि पत्रात त्याचा उल्लेख करा.