चाकणच्या गेटवर प्रश्नावली घेऊन जाणाऱ्यांसाठी

अर्थशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू करून कारखान्यांच्या सर्वेक्षणाच्या कामाला लागलेल्या नव्या पोरापोरींना मी आधी एकच सांगते: कंपनीचं उत्तर आणि कामगाराचं उत्तर जुळलं नाही तर घाबरू नका, आणि जुळवायलाही जाऊ नका. त्या फरकासाठीच तर आपण दोघांकडे जातो.

आपल्याकडच्या मोठ्या सरकारी पाहण्या एकाच बाजूने माहिती घेतात. २०१७ पासून चालू असलेली पीएलएफएस, म्हणजे रोजगार-बेरोजगारीची पाहणी, घरोघरी जाऊन विचारते, तर वार्षिक उद्योग पाहणी कारखान्याच्या नोंदींवर चालते. एकाच गेटच्या आतले व्यवस्थापक आणि कामगार दोघांनाही विचारायची पद्धत ब्रिटनच्या डब्ल्यूईआरएस या कामाच्या ठिकाणांच्या पाहणीत बघायला मिळाली. ही पाहणी १९८० साली सुरू झाली, पण सर्वसाधारण कर्मचाऱ्यांची वेगळी प्रश्नावली तिच्यात १९९८ ला आली. प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त २५ जण, तेही यादीतून चिठ्ठी टाकल्यासारखे निवडलेले. हे महत्त्वाचं. एचआरला "चार जण द्या" म्हटलं की ते चार बोलके, जुने आणि कायम कामगारच देतात.

मोठ्या कंपनीत परवानगीच्या ईमेलमध्येच दिवस जातात. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मालक स्वतः व्हीएमसीशेजारी (धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या मशीनशेजारी) उभ्याउभ्या उत्तरं देतो. तिथे "ऑटोमेशनबद्दल काय वाटतं?" असलं काही विचारू नका, भाषण ऐकावं लागेल. गेल्या तीन वर्षांत कुठलं मशीन घेतलं, त्या कामावर आधी किती माणसं होती, आता किती, उरलेली कुठे गेली, असं विचारा. माणसं मोजताना कायम, कंत्राटी, ट्रेनी आणि अप्रेंटिस यांचे रकाने वेगळे ठेवा आणि एक ठरावीक तारीख धरा. नुसतं "कामगार किती?" विचारलं तर मस्टरवरचेच सांगतात.

कामगाराला "काम बदललं का?" विचारलंत तर "नाही, चाललंय" एवढंच मिळेल. "पूर्वी किती मशीन सांभाळायचात, आता किती?" म्हटलं की तो बोटं मोजायला लागतो. तासांचंही तसंच: सरासरी नको, मागचे सात दिवस एकेक करून घ्या, ओव्हरटाइमसकट. मालक नेमका कोण हाही प्रश्न अवघड असतो. ज्या गेटमधून आत जातो त्या कंपनीचं नाव तो सांगतो. पीएफच्या पासबुकात कुणाचं नाव दिसतं हे विचारलं की कंत्राटदार समोर येतो. (आपण विचारणारेही बहुतेक वेळा एजन्सीच्या कंत्राटावरच असतो, तेव्हा फार शहाणपणा दाखवू नये.)

प्रशिक्षणाच्या प्रश्नावर हमखास फाटा फुटतो. कंपनी म्हणते, दिलं. कामगार म्हणतो, शेजारच्या ऑपरेटरने दाखवलं. दोन्ही लिहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता (कामगार कायदे) लागू झाल्या आणि नेमणूकपत्र देणं सक्तीचं झालं, त्यामुळे त्याचा प्रश्नही दोन्हीकडे घाला, फक्त कामगाराला "कागद तुमच्या हातात आहे का?" असं विचारा. सही घेतली म्हणजे प्रत दिली असं होत नाही.

मुलाखत एचआरच्या केबिनमध्ये कधीच नको. चाकणजवळच्या महाळुंगे, खराबवाडीत कामगार राहतात त्या खोल्यांवर जा. पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे रविवारी गेलात तर खोलीला कुलूप दिसेल किंवा रात्रपाळीचा माणूस झोपलेला असेल. झोपलेल्याला उठवू नका. मराठवाड्यातल्या पोरांशी मराठी चालते, बिहार-ओडिशाच्या पोरांशी हिंदी, पण बोलायची हिंदी. "नियोक्ता" ऐकल्यावर कुणीही गप्प होतो. असेंब्ली लाइनवरच्या बायकांकडे शक्यतो बाईनेच जावं, आणि बस कुठे सोडते, रात्रपाळीला हो म्हणताना खरंच विचारलं का, हे निवांत विचारावं. मुकादम येऊन शेजारी बसला तर क्रिकेटवर बोला आणि फॉर्म मिटा.

नाव आणि उत्तरं एका कागदावर ठेवू नका. कंपनीला अहवाल देताना एखाद्या विभागात तीन-चारच जण असतील तर तो दुसऱ्या विभागात मिळवा. "पेंट शॉपमधली महिला" एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. आणि तक्त्यात मालक व कामगार यांच्या उत्तरांची सरासरी काढू नका. शेजारी शेजारी दोन रकाने ठेवा, तिसरा तफावतीचा, आणि लिहायला बसाल तेव्हा त्या तिसऱ्या रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा आधी घ्या.