स्वमग्न किशोरवयीनांसाठी आकृतीचे पान कसे तयार करावे

गुंतागुंतीच्या चित्रात दडलेला आकार शोधण्याच्या चाचणीत स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुले सरस ठरल्याचे मानसशास्त्रज्ञ अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी १९८३ मध्ये दाखवले. पुढे मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या काही अभ्यासांत असेही आढळले की, अशा कामाच्या वेळी स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूच्या मागील, दृश्य माहिती हाताळणाऱ्या भागात तुलनेने अधिक सक्रियता असते. सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, म्हणून समोरचा मुलगा किंवा मुलगी चित्रात प्रथम काय पाहते, हे आधी शांतपणे विचारावे.

संपूर्ण चित्र स्वमग्न मुलांना दिसतच नाही, हा समज चुकीचा आहे. लक्ष तिकडे वळवले की ते दिसते, फक्त काहींना त्यासाठी अधिक वेळ लागतो, आणि तो वेळ देणे हे शिकवणाऱ्याचे कर्तव्य आहे. हृदयाची आकृती शिकवायची असेल तर पहिल्या पानावर केवळ बाह्यरेषा, चार कप्पे आणि रक्ताच्या प्रवाहाची दिशा दाखवावी, खाली ‘हृदय रक्त पुढे ढकलते’ एवढे एकच वाक्य लिहावे, आणि झडपा व रक्तवाहिन्यांची नावे दुसऱ्या पानावर त्याच बाह्यरेषेत भरावीत. शोभेच्या चौकटी आणि अनावश्यक छटा काढून टाकाव्यात.

एखाद्याने झडपेच्या रेखाटनातली बारीक चूक दाखवली, तर त्याला न टोकता ती लगेच दुरुस्त करावी आणि मगच पुढे जावे.