शिंगराच्या उंचीवरून तबेला बघायला शिका

पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर मी मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, म्हणून लागलो, तेव्हा गाभण घोडीची खोली तयार करायचं काम मिळालं. धुतली, पेंढा टाकला, झालं असं वाटलं. घोडी व्याली आणि उभं राहायला धडपडणाऱ्या शिंगराचा पाय दाराखालच्या चार बोटांच्या फटीत गेला. दोघं जण तिथे होतो म्हणून तो पाय वाचला. ती फट मी रोज ओलांडत होतो.

तेव्हापासून मी खोली गुडघ्यांवर बसून तपासतो. जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत तळहात फिरवत चारही भिंती. खिळ्याचं टोक, फळीचं कुसळ डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतं. फटी बुजवा. चाऱ्याची जाळी काढा, तिच्यात पाय गुंततो. पाण्याची बादली जमिनीवर नको.

खोली किमान 14 बाय 14 फूट हवी. लहान खोलीत घोडी भिंतीला मागचा भाग लावून आडवी झाली, तर शिंगराला बाहेर यायला जागाच उरत नाही. लाकडाचा भुसा ओल्या नाकपुड्यांना चिकटतो, म्हणून लांब काडाचा पेंढा वीतभर जाड अंथरा, भिंतीकडेला आणखी उंच. टाकण्याआधी मूठभर हुंगा. कुबट वास आला तर तो भारा परत पाठवा, कितीही महाग पडला असला तरी.

घोडीला महिनाभर आधीच या खोलीत आणा. इथल्या जंतूंशी तिच्या अंगाची ओळख होते आणि ती ताकद चिकातून पिल्लाला मिळते. गाभणकाळ साधारण 340 दिवसांचा, पण तारखेवर विसंबू नका. सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसले की बहुधा एकदोन दिवसांत व्यायची. बहुतेक घोड्या रात्रीच वितात, म्हणून मंद दिवा लावा आणि लांबून, गप्प बसून बघा.

पाणमोट फुटल्यावर साधारण अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. पांढुरक्या पिशवीऐवजी लाल, मखमलीसारखी पिशवी पुढे आली तर वाट बघू नका, ती लगेच फाडा, कारण आत शिंगराचा श्वास कोंडतोय. एका तासात ते उभं राहावं, दोन तासांत प्यावं, तीन तासांत झार, म्हणजे वार, पडावी. यातलं काही लांबलं की डॉक्टरांना फोन.

तो नंबर दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रात्री दोन वाजता, हात चिकट असताना मोबाइलमध्ये नाव शोधता येत नाही.