सिरॅमिक रॉड काळा पडला की सुरी नुसती घसरते

सुरमईच्या तुकड्या करताना सुरी अडखळते, धार लावायच्या सिरॅमिक रॉडवर दहा वेळा फिरवली तरी फरक नाही. बहुतेक वेळा दोष सुरीचा नसतो. रॉडच्या बारीक छिद्रांत पोलादाची भुकटी भरलेली असते. त्या करड्या-काळ्या रेघा तीच. पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेने ही भुकटी गंजते आणि रॉडवर तांबूस डाग दिसतात. सिरॅमिक स्वतः गंजत नाही.

१. रॉड कोमट पाण्याने भिजवा.
२. ओल्या मेलामाइन स्पंजवर (पांढरा, डाग पुसायचा) भांड्यांची पावडर चिमूटभर घ्या. स्पंज नसेल तर नायलॉनची घासणी.
३. रॉड थोडा थोडा फिरवत लांबीच्या दिशेने २-३ मिनिटं घासा. पाणी काळं होईल, व्हायलाच हवं.
४. तांबूस डाग राहिलाच तर लिंबाची फोड चोळून १० मिनिटं ठेवा, परत घासा.
५. धुऊन रात्रभर उभा वाळवा, मगच ड्रॉवरमध्ये.

तारेची घासणी नको, तीच आपलं लोखंड रॉडवर सोडते. तेलही नको, भुकटी आणखी चिकटते. आणि माशाचा चिकटा लागलेली सुरी आधी धुऊन पुसा, निम्मा त्रास तिथेच वाचतो.

जपायचं एवढंच: ओल्या हातातून रॉड लादीवर पडला तर टवका उडतो. कोरड्या रॉडवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तिथे टवका आहे, आणि तो धार बिघडवतो.